चकलीच्या वासाचा धूर

दोन वर्षांहून जास्त झाली, माझ्या भावाच्या पॉवर टिलरच्या धुराला चकलीचा वास येतो. कात्रजच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला माझं माहेर आहे. गाव आता महापालिकेच्या हद्दीत आलंय, म्हणजे कर आला आणि पाणी यायचंय. तिथे सकाळी दादाचा टिलर सुरू झाला की बांधावरून कुणीतरी हमखास विचारायचं, आज काय तळायला घेतलंय. दादा हसायचा आणि सांगायचा की हे आमच्या बहिणीनं बनवलेलं डिझेल हाय. हे सांगताना त्याला किती बरं वाटायचं, ते वहिनीनं मला खूप नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी कदाचित थोडी सावध झाले असते.

मी कर्वेनगरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इंजिनांच्या प्रयोगशाळेत शिकवते. शिकवते म्हणजे, मुलं मोबाइलमधून डोकं वर काढतात तेवढ्या वेळात जे त्यांच्या कानांत घालता येईल ते घालते. लग्न होऊन कोथरूडला आले त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. माझ्या बोलण्यातला ‘हाय’ जाऊन ‘आहे’ आला, यावरून दादा मला अजून चिडवतो. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. शाळा त्याला मानवली नाही, पण यंत्रं मानवली. मी कॉलेजात जाऊन जे शिकले, ते त्याला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं. मला याचा लहानपणी फार राग यायचा. आता कौतुक वाटतं, पण ते त्याच्या तोंडावर मी कधी बोललेली नाही.

त्याचं स्वतःचं एक पॉलिहाऊस आहे, काकडीचं आणि रंगीत ढोबळी मिरचीचं. लोखंडी सांगाड्यावर ताणलेल्या प्लास्टिकचं ते घर, बाजूंना गुंडाळून वर घेता येतात असे पडदे. पीक निघालं की आतली माती पुन्हा भुसभुशीत करून लांबच लांब वाफे पाडावे लागतात. त्यांना सगळे बेडच म्हणतात. ट्रॅक्टर आत मावत नाही, म्हणून टिलर लागतो. हे दोन चाकांचं डिझेलचं यंत्र दोन दांड्या धरून मागून चालत चालवायचं असतं. दादाचे बेड दोरी लावल्यासारखे सरळ येतात, आणि दोरी तो लावतच नाही. त्यामुळे आसपासचे पॉलिहाऊसवाले बेड पाडायला त्यालाच बोलावतात. वर्षातले कितीतरी दिवस तो कुणाच्या ना कुणाच्या प्लास्टिकखाली टिलरमागे चालत असतो. धूर पुढे निघतो आणि तो मागून त्यात चालत जातो. वर छप्पर, बाजूला पडदे, मग धुरानं जायचं कुठे?

तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला तो आमच्याकडे आला आणि दारातच उभा राहिला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद होती. आमच्या सोसायटीत सणाच्या दिवशी लिफ्ट बंद ठेवायची प्रथाच आहे, असं मला आता वाटायला लागलंय. मी पाणी पुढे केलं तरी तो घेईना, कारण प्यायला श्वास मोकळा नव्हता. मग खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबला नाही. शेवटी त्यानं पांढऱ्या रुमालाला तोंड पुसलं आणि रुमालाची घडी करून तो घाईनं खिशात घालायला लागला. पण माझ्या सासूबाईंनी तोवर बघितलं होतं. रुमालावर काळं उमटलं होतं, काजळ पुसल्यासारखं.

सासूबाई ऐंशीच्या आहेत. नजर शाबूत आहे आणि जीभ त्याहून जास्त. त्यांनी विचारलं की अहो, तुम्ही येताना वाटेत कुणाची चूल फुंकून आलात का. तो हसला आणि पुन्हा खोकला. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी त्याला नळीत फुंकायला लावलं होतं. धूर आणि धूळ सोडा, नाहीतर पुढे दहा पावलं टाकायलाही थांबावं लागेल, असं स्वच्छ सांगितलं होतं. हे दोन महिन्यांपूर्वीचं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यानं वहिनीला पित्ताच्या म्हणून सांगितल्या होत्या.

मला राग पटकन येतो. तो त्या दिवशीही आला, आणि ओवाळायचं ताट हातात असतानाच मी त्याला वाट्टेल ते बोलले. टिलर विकून टाक, असंही म्हणाले. तो पाटावर बसून शांतपणे ऐकत होता.

“टिलर सोडून मी काय करू, ते सांग,” तो म्हणाला. “आन् तू पोरास्नी इंजनाचंच शिकवतीस न्हवं? मग धुराचं कर की कायतरी.”

माझं तोंड बंद व्हावं म्हणून तो तसं म्हणाला होता. त्याच्या दृष्टीनं विषय तिथे संपला. माझ्या मात्र ते जिव्हारी लागलं. इतकी वर्षं मी फळ्यावर धुराची कारणं लिहीत आले होते, आणि माझाच भाऊ रोज तो धूर छातीत भरून घरी जात होता. आधी मी त्याला बॅटरीवर चालणारा छोटा टिलर दाखवायला नेलं. त्यानं दांडी हलवून बघितली आणि हे खेळणं तुझ्या कॉलेजात ठेव म्हणाला. आमच्या चिकट काळ्या मातीत ते चाललंही नसतं, हे मला कळत होतं.

मग मला आमच्या विद्यार्थ्यांचा एक जुना प्रकल्प आठवला. त्यांनी करंजाच्या तेलापासून डिझेलमध्ये मिसळायचं इंधन केलं होतं. गुण मिळाले आणि बाटली कपाटात गेली. नुसतं तेल डिझेलमध्ये ओतून चालत नाही, इंजिनात डिझेल फवारणारा नोझल काजळीनं चोंदतो. तेलावर आधी प्रक्रिया करावी लागते. ते गाळायचं, कोमट करायचं, मोजून मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ढवळायचं आणि स्वस्थ ठेवून द्यायचं. तपकिरी, दाट ग्लिसरीन तळाला बसतं आणि वर सोनेरी, पातळ इंधन राहतं. ते पाण्यानं धुऊन, सुकवून डिझेलमध्ये मिसळलं की ज्वलन जास्त पूर्ण होतं आणि काजळी कमी येते. कमी येते, बंद होत नाही. एखादा वायू तर उलट किंचित वाढतो. हे सगळं मला माहीत होतं आणि मी ते दादाला सांगितलंही होतं. पण एकदाच सांगितलं होतं.

तेलाचा प्रश्न सासूबाईंनी हातात घेतला. त्यांचं बायकांचं भजनी मंडळ आहे, त्यात भजन अर्धा तास आणि बाकी सोसायटीचा कारभार. दिवाळीचं तळण नुकतंच उरकलेलं, घरोघरी कढईत काळं तेल उरलेलं. त्यांनी खालच्या फलकावर स्वतःच्या अक्षरात सूचना लावली: ‘तळणीचे उरलेले तेल तिसऱ्या मजल्यावर आणून द्यावे. गाळून द्यावे. त्यात पाणी घालू नये, हे दूध नव्हे.’ चार दिवसांत आमच्या बाल्कनीत कॅनची रांग लागली. आमच्या घरात इतका चकलीचा वास कधी चकल्या करूनही आला नव्हता.

कॉलेजात परवानगी लगेच मिळाली, कारण विभागप्रमुखांना फोटो काढता येण्यासारखं काहीतरी हवंच होतं. खरा सल्ला मात्र मला चाचांनी दिला. चाचांचं शहरात डिझेल पंप दुरुस्त करायचं दुकान आहे, त्यांच्या वडिलांनी काढलेलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले पंप त्यांच्याकडेच जातात. इंजिनात डिझेल नेमकं किती आणि कधी उडतं, ते ठरवणारा हा पंप. चाचा तो बेंचवर लावून, डोळे बारीक करून, काचेच्या नळ्यांत थेंब बघत बसतात. मी सोनेरी बाटली त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा त्यांनी वास घेतला आणि विचारलं की बरोबर चटणी आणलीय का. मग गंभीरपणे सांगितलं की पाच भागांत एक भाग, त्याच्या वर जायचं नाही. रबरी नळ्या बदला, फिल्टर दोनदा बदला.

“आणि गरम असताना सगळंच पातळ दिसतं, ताई,” ते म्हणाले. “थंडीत बघत जा.”

मी हो म्हटलं. मी इंजिनिअर आहे, मला हे काय सांगताय, असंही मनात म्हटलं.

पहिल्यांदा टिलर सुरू केला तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. काजळी बघायची आमची पद्धत साधी होती. पांढरं कापड ओलं करून सायलेन्सरच्या तोंडापुढे एक मिनिट धरायचं. आधी नुसत्या डिझेलवर धरलं, ते काळंकुट्ट झालं. मग इंधन बदललं, टिलर थोडा वेळ चालू दिला आणि दुसरं कापड धरलं. ते राखाडी झालं. दादानं दोन्ही कापडं शेजारी शेजारी धरून बघितली. मग वहिनीला हाक मारली. मग शेजारच्या शेतातल्या माणसाला हाक मारली. त्या दिवशी मला जितका आनंद झाला तितका मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता. मी परत येताना स्कूटरवर मोठ्यानं गात आले, आणि माझा आवाज गाण्यासारखा मुळीच नाही.

त्या वर्षी त्याचा खोकला खरंच कमी झाला. महिन्यातून एकदा मी कॅन स्कूटरवर पायांशी ठेवून माहेरी जायचे, आणि जाताच आधी त्याचा रुमाल मागायचे. रुमालाचा रंग फिकट होत चालला होता. मी त्याला मास्क घेऊन दिला होता, तो कायम टिलरच्या दांडीला लटकलेला दिसायचा. पडदे वर करून मगच टिलर लाव, असं मी सांगितलेलं होतंच. तो हो म्हणायचा. कॉलेजच्या वार्षिक अंकात माझा फोटो आला, हातात सोनेरी बाटली. सासूबाईंनी तो कापून फ्रिजवर लावला आणि खाली लिहिलं, ‘तेल आमचे.’

पुढच्या दिवाळीत मंडळाच्या बायकांचा उत्साह आणखी वाढला होता. कॅन आणून देताना त्या माझ्या भावाची चौकशी करायच्या. त्यातल्या एकीनंही त्याला बघितलेलं नव्हतं. त्या वर्षीच्या तेलातला एक मोठा डबा मात्र वेगळा होता. मी तो कोमट करायला घेतला तेव्हा तळाला पांढरट, रवाळ काहीतरी होतं. गरम होताच ते विरघळून गेलं आणि छान सोनेरी रंग आला. वासही छान आला. तो वास कसला आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण सहामाही परीक्षेचे पेपर तपासायचे होते, आणि आदल्या वर्षभर सगळं सुरळीत झाल्यानं मला जरा मस्तीही आली होती. मी ते बाकीच्या तेलात मिसळलं, प्रक्रिया केली आणि नेहमीप्रमाणे कॅन भरून दादाला पोचवले. दुपारी नेले होते. दुपारी सगळं स्वच्छ, पातळ दिसत होतं.

जानेवारीत एका सकाळी वहिनीचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती ये म्हणत होती.

काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या दिवशी डोंगराखाली कडाक्याची थंडी होती. दादानं स्वतःच्या पॉलिहाऊसमध्ये टिलर लावला. अर्ध्या बेडवर यंत्र अडखळलं आणि बंद पडलं. त्याचं इंजिन लोखंडी हँडल घालून, हातानं फिरवून सुरू करावं लागतं. त्यानं हँडल मारलं. इंजिन धरायचं, पांढरा धूर ओकायचं आणि पुन्हा मरायचं. त्यानं पुन्हा मारलं. किती वेळा मारलं त्याला माहीत नाही. वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा तो त्यानंच पाडलेल्या बेडवर बसला होता. ओठ निळे पडले होते. चारी बाजूंचे पडदे खाली होते आणि आत धूर कोंडला होता. वहिनीला पडद्याची गुंडाळी फिरवायचंही सुचलं नाही. तिनं तिथेच पडलेल्या विळ्यानं पडदाच उभा फाडला आणि त्याला त्या फटीतून ओढत बाहेर काढलं.

चार दिवस तो ऑक्सिजनवर होता. मी कॉलेजात रजा टाकून त्याच्याजवळ बसले. तिसऱ्या दिवशी तो जरा बोलायला लागला, तेव्हा मी विचारलं की पडदे खाली का होते. मला वाटलं होतं थंडीमुळे असतील.

“धूर डोळ्याला लागतच न्हवता,” तो म्हणाला. “वर्षभर म्या पडदं उचललंच न्हाईत.”

मग बाकीचंही सांगितलं. आधी धुरानं डोळे चुरचुरायचे, घसा जळायचा, म्हणून तो तासाभरानं बाहेर यायचा, झाडाखाली बसायचा. नवीन इंधनानं ते थांबलं. मग तो दिवसाला एकाऐवजी दोन पॉलिहाऊस करायला लागला. आणि बहिणीनं एवढ्या कष्टानं केलेलं, ते पाचात एक कशाला, म्हणून निम्मं निम्मं घालायला लागला. औषध जास्त घेतलं की गुण लवकर येतो, तसं. तो हे सगळं अपराध्यासारखं सांगत होता, आणि मी त्याच्या हातावर हात ठेवून बसले होते. धूर कमी केला म्हणून मी फोटो काढून घेतला, आणि त्यानं तो कमी झालेला धूर दुप्पट तास घेतला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्याला घरी सोडल्यावर आठवड्यानं आम्ही टिलरचा पंप आणि फिल्टर घेऊन चाचांकडे गेलो. मी नको म्हटलं तरी तो आला. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. त्या चढून तो स्टुलावर बसला आणि धापा टाकत राहिला. चाचांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि फिल्टर उघडला. आत दह्याच्या सायीसारखा पांढरा थर बसला होता. त्यांनी तो बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला.

“ताई, हे तेल नाही. तूप आहे. साजूक,” ते म्हणाले.

मला एकदम तो रवाळ डबा आठवला. तुपापासून केलेलं इंधन थंडीत गोठतं, हे मी परीक्षेत विचारते. मी काय झालं असेल ते सांगायला लागले, प्रमाण, थंडी, निम्मं निम्मं. चाचा पंप खोलत होते, त्यांनी मान वर केली नाही.

“पंप मी साफ करून देतो,” ते म्हणाले. “यांची छाती कुठल्या बेंचवर लावू?”

दादा खाली बघत होता. चाचांनी त्याच्यासाठी चहा मागवला, स्वतः उठून पंखा बंद केला, आणि पंप परत देताना एवढंच म्हणाले की यंत्राला काही झालेलं नाही, यंत्र अजून तुमच्याहून जास्त वर्षं चालेल.

घरी येऊन मी सासूबाईंना तो डबा कुणाचा होता ते विचारलं. त्या देवासमोर वाती वळत होत्या. वळतच राहिल्या. मग म्हणाल्या की मीच गोळा केलं होतं. अनारसे तुपातच तळतात, मंडळातल्या चार घरी अनारसे झाले होते आणि पाचवं आमचं. एरवी ते उरलेलं तूप कुणी फेकत नाही. कणकेत जातं, पुरणपोळीवर जातं. सासूबाई तर तूप चमच्यानं मोजून वाढणाऱ्या, माझ्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी त्या चमच्यावरून धुसफुसत काढली आहेत. त्या चारही घरी स्वतः गेल्या होत्या आणि सांगितलं होतं की आजारी माणसाच्या यंत्राला जळकं तेल देणं बरं दिसत नाही.

मी त्यांना गोठण्याचं काही सांगितलं नाही. पण त्या काही बावळट नाहीत. दुसऱ्या दिवशी खालच्या फलकावर नवी सूचना होती: ‘तूप आणू नये.’ पुढे एक शब्दही नाही. टोमणा नसलेली त्यांची ही एकमेव सूचना, आणि ती वाचून मला जिन्यातच रडू आलं.

डॉक्टरांनी या वेळी वहिनीसमोर सांगितलं, त्यामुळे पित्ताची गोष्ट चालणार नव्हती. टिलरमागे चालायचं नाही. दादानं मान डोलावली. उन्हाळाभर पाळलंही. टिलर शेडमध्ये ताडपत्रीखाली होता, आणि तो रोज सकाळी ताडपत्री काढून, पुसून, पुन्हा झाकायचा. ऑगस्टमध्ये वहिनीचा फोन आला. दादा पाय मोकळे करायला म्हणून गेला होता, आणि तिला तो दोन शेतं पलीकडच्या पॉलिहाऊसमध्ये टिलरमागे सापडला. पडदे वर होते, मास्क तोंडाला होता. पण तो तिथे होता. ज्याचं पॉलिहाऊस होतं त्यानं हात जोडले आणि सांगितलं की मी बोलावलं नव्हतं, दादाच टिलर घेऊन आले, बेड वाकडे पडले होते ते बघवेनात म्हणाले.

मी फोनवर त्याला फाडून खाल्लं. वाकडा बेड बघवत नाही म्हणून श्वास पणाला लावणारा माणूस मला मूर्ख वाटत होता, आणि त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं तेही मला माहीत होतं.

गेल्या भाऊबीजेला तो आला. लिफ्ट अर्थातच बंद. प्रत्येक मजल्यावर थांबत, बसत तो वर आला. माझा जीव दारात टांगलेला. खांद्याला कापडी पिशवी होती, ती त्यानं कुणाला घेऊ दिली नाही. वर आल्यावर त्यानं पाणी मागितलं आणि प्यायला, हेच मला खूप वाटलं. मी पाट मांडला, रांगोळी काढली, टिळा लावून ओवाळलं. ताट त्याच्यापुढे खाली घेतलं. तो दरवर्षी खिशातून पाकीट काढतो. या वर्षी त्यानं पिशवीत हात घातला आणि टिलरचं हँडल काढून ताटात ठेवलं.

ताट एकदम जड झालं. निरांजन कलंडलं, सुपारी घरंगळली, मला दोन्ही हातांनी ताट धरावं लागलं. हँडल घासूनपुसून लख्ख केलेलं होतं. जिथे त्याची मूठ बसायची तिथलं लोखंड झिजून गुळगुळीत झालेलं. सासूबाई शेजारी खुर्चीवर होत्या, त्यांनी कलंडलेलं निरांजन सरळ केलं.

“हे तुझ्याकडं असू दे,” दादा म्हणाला. “माझ्याजवळ ऱ्हायलं तर मी मारनारच.”

मी त्याला वाकून नमस्कार केला. नेहमी करते तसाच, पण उठायला मला वेळ लागला.

ते हँडल आता माझ्या स्कूटरच्या डिकीत असतं, फडक्यात गुंडाळून. कॉलेजात कुणी बघितलं तर मला मारामारीला निघालेली समजेल. बेड पाडायचे असतील त्या रविवारी मी माहेरी जाते. आधी पॉलिहाऊसचे चारही पडदे वर जातात, मग हँडल फडक्यातून निघतं. इंधन मीच मिसळते, पाचात एक, आणि थंडीच्या दिवसांत बाटली रात्रभर बाल्कनीत ठेवून सकाळी बघते. हँडल मी मारते. टिलर वहिनी चालवते, तोंडाला मास्क लावून. तिला दांड्या आता चांगल्या पेलतात, आणि अर्ध्या तासानं ती न चुकता बाहेर येते. दादा बांधावर, वारा येतो त्या बाजूला, प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो. धुराला अजून चकलीचा वास येतो, वारा फिरला की तो लांबूनच त्याच्यापर्यंत पोचतो.

वहिनीचे बेड सरळ येत नाहीत. मधेच डावीकडे झुकतात. मग दादा खुर्चीतून ओरडतो, “अगं डावीकडं चाललीस, दांडी उजवीकडं दाब, आन् माझ्याकडं नगं, म्होरं बघ.” एवढं सगळं तो एका दमात म्हणतो, आणि म्हणून झाल्यावर खोकत नाही.